त्या रिकाम्या जागेत गाव कोणाचं?

आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर रूमचे किस्से बगॅससारखे, उसाच्या चोथ्यासारखे साठतात. कितीही उचला, सकाळी ढीग तेवढाच. बीड जिल्ह्यात ऊस आधी कोणाचा तोडायचा, यात कोणाचाच कोणावर विश्वास नाही, आणि ते आमच्याच खोलीत ठरतं असा सगळ्यांचा पक्का समज. त्यात माझ्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, ऊस सिरसाळ्याला उभा. तुरे आलेले, वजन रोज घटतंय. म्हणजे संशयाला आयतंच घर.

तोडणीचा कार्यक्रम आता शेड्युलरवर चालतो. काम एकच: सकाळी मुकादमांना मेसेज जातो, "टोळी घेऊन अमुक गावाला जा." त्या 'अमुक'च्या जागी व्हेरिएबल, म्हणजे रिकामी जागा. पाळीप्रमाणे गावाचं नाव भरलं की झालं. हे मी शेतकी अधिकारी कदम साहेबांना मोठ्या हौसेनं समजावलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हंजी गाव बदलणं तुझ्या हातात हाय तर."

त्या दिवसापासून ते माझ्या हातचा चहा घेत नाहीत.

* * *

एकदा नाव भरायचंच राहिलं. जागा रिकामी राहिली की सिस्टीम आधीपासून ठेवलेलं नाव उचलते, आणि टेस्टिंगच्या वेळी तिथं कोणीतरी 'पाली' टाकून ठेवलं होतं. सगळ्या टोळ्या पालीत! पालीकरांनी नारळ फोडले. इकडं संचालक आबांनी मला बोलावून घेतलं.

"पालीत सासुरवाडी हाय का तुझी?"

"न्हाई आबा, लग्नच झालं न्हाई."

"मग जमतंय वाटतं तिथं."

* * *

मग बैठक बसली. रिकाम्या जागेसाठी कोणतं गाव ठेवायचं? जो नाव सुचवेल, त्याचा तिथं पाहुणा निघायचा. शेवटी कोणीतरी म्हणालं, "नारायणगड ठेवा." गडाला कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी हात जोडले, विषय मंजूर.

पुढं नाव भरणारा ऑपरेटर रजेवर गेला, नाव राहिलं, आणि टोळ्या कोयते घेऊन गडावर. मुकादमाचा फोन आला, "दर्शन झालं, परसाद झाला. आता तोडायचं काय?"

त्या दिवशी सगळी तोडणी बंद होती, तरी एकाही गावाची तक्रार आली नाही.

* * *

अखेर सिरसाळ्याची पाळी आली. मला धास्ती वाटत होती, म्हणून नावाला मी हातच लावला नाही. आबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी एका बोटानं 'सिरसाळा' टाईप केलं. कदम साहेब मागं उभे राहून बघत होते.

गावात उसाची सगळ्यात आधीची लागण आमची, म्हणून टोळी आमच्याच बांधावर गेली. दिवसभर मी खूश होतो, लई खूश. संध्याकाळी घरी गेलो तर ऊस जागच्या जागी! दादांनी टोळी शेजाऱ्याच्या फडात लावून दिली होती.

"दादा, कावून? पाळी आपलीच होती."

दादांनी आधी दार लोटलं, मग हळूच विचारलं, "आता इथं कोणी न्हाई. खरं सांग, गावाचं नाव तूच घातलं नं?"