मधल्या सीटची घंटी

“वाजतीया बघ. हाय का कुणी बसलेलं तिथं?”

“न्हाई.”

“मग पट्टा कुणी लावायचा? मी स्टेअरिंग सोडून मागं जाऊ?”

“माझ्यावर कशाला खेकसतीस, कोमाद्रे? गाडी तुझी हाय.”

साबिना चुकिमियानं खिंडीच्या खाली धुक्यातच गाडी कडेला घेतली. शेजारी बसलेला फेर्मिन सिर्पा म्हणजे तिच्या लेकीचा धर्मबाप, म्हणून ती त्याची कोमाद्रे. घंटी ऐकायला तिनं त्याला मुद्दाम ओढून आणलं होतं. मागं दोन खिडक्यांशी दोन बाया, दोघींचे पट्टे लावलेले. मधली सीट मोकळी. अन् समोर डॅशबोर्डवर त्याच सीटच्या पट्ट्याचा लाल दिवा, माणसाच्या आकाराचा, लुकलुकत होता.

साबिना आमच्याच टॅक्सीच्या लायनीतली. ला पाझच्या विल्या फातिमा थांब्यावरनं खाली युंगासच्या गरम खोऱ्यांत सीटा उतरवायचं काम ती तेवीस वर्षं करतेय. नवऱ्यानं दुसरं घर केलं तेव्हा तिनं गाडी ठेवून घेतली अन् नवरा सोडून दिला. सौदा फायद्याचा झाला, असं ती अजून सांगते.

ती जुनी गाडी पेटीसारखी चौकोनी. काच खाली करायला कडी फिरवायची. डिकीत बटाट्याची दोन पोती अन् वर एक मेंढरू मावायचं. छत एवढं उंच की बायांना डोक्यावरची टोपी काढावी लागत नसे. मग कंपनीनं त्याच नावाची नवी घडण काढली. साबिनानं ती घेतली अन् जुनी फेर्मिनला दिली. नवीचे दिवे मांजरानं डोळे बारीक करावेत तसे. छत मागं उतरतं, म्हणून टोपी मांडीवर घ्यावी लागते. गाडी चालली की चारी दारं आपसूक कुलूप लावून घेतात. अन् सीटवर वजन पडलं, पट्टा लावला नाही, की घंटी.

महिना झाला, खिंड ओलांडली की मधल्या सीटची घंटी सुरू व्हायची ती खालच्या गावापर्यंत. मेकॅनिकनं सीट उपटून पाहिली. थांब्यावर सगळं मुकं. उतारू तिची गाडी टाळायला लागले. लायनीचा प्रमुख हिलारियोन म्हणाला, “रविवारच्या बाजारापातूर बंद कर, साबिनाबाई. न्हाईतर तुझा नंबर काढतो.” नंबर गेला म्हणजे रस्ता गेला.

“वायर तोडून टाक की,” फेर्मिन म्हणाला.

“घंटी बंद केल्यावर बसलेला उठतोय व्हय?”

फेर्मिननं गालातली कोकाची पानं या बाजूची त्या बाजूला केली. “नवी गाडी पयल्यांदा खिंडीत आणलीस तवा डोंगराच्या देवांना दारू शिंपडताना काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? म्हटलं, ही तीच गाडी हाय, फकस्त कातडं बदललंय. पयल्यासारखं सांभाळा.”

“तीच हाय म्हणून सांगितलंस?”

“नवी म्हटलं की लामा जनावराचं वाळकं पिल्लू जाळा, गोडधोड ठेवा, नव्यानं ओळख करून द्या. अर्धा दिवस जातो. मला फेरी होती.”

मागच्या बाया पुढं वाकून ऐकायला लागल्या.

“जुनीचं मागचं उजवं दार,” फेर्मिन हळू म्हणाला, “तीन क्रुसांच्या वळणावर, दरीत मेलेल्यांचे क्रूस हायत तिथं, उघडायचं. रोज. तू उतरून लाथ घालून लावायचीस.”

“खटका झिजला होता त्याचा.”

“अजून तोच खटका हाय. मी हात लावला न्हाई. पण मी गाडी घेतल्यापासनं एकदाबी उघडलं न्हाई. तिथं उतरणारा आता तुझ्या गाडीत बसतोय, अन् हिची दारं कुलपात.”

साबिनानं आरशातून मधल्या सीटकडं पाहिलं. गिअर टाकला. दारांनी खट्‌कन कुलूप लावलं. घंटी वाजत राहिली.

तीन क्रुसांच्या वळणावर तिनं गाडी थांबवली, कुलपाचं बटण दाबलं, उतरून मागं गेली अन् उजवं दार सताड उघडलं. धुकं आत आलं. दाराशी बसलेल्या म्हातारीनं कुणी काही सांगायच्या आधीच घागरा आवरला, गुडघे तिरके केले, वाट दिली. मधल्या सीटची दबलेली गादी हळूहळू वर आली. घंटी थांबली.

“कुणी उतरलं का, मावशे?” फेर्मिननं विचारलं.

“मला काय ठावं? त्याला जायचं होतं, जाऊ दिलं.”

साबिनानं दार लावलं. हात घागऱ्याला पुसले.

“खिंडीत जाऊन खरं सांगू का आता? नवी हाय म्हणून?”

“अन् मग त्यो कुणाच्या गाडीत बसायचा? माझ्या?” फेर्मिन म्हणाला. “ऱ्हाऊ दे. तुझा जुना उतारू हाय.”

रविवारी बाजार. गाडी गच्च, मागं तिघं. मधे कॉफीच्या मळ्यातला एक दांडगा गडी पट्टा लावून बसलेला, त्यामुळं घंटी वाजलीच नाही. तरी साबिना वळणावर थांबली अन् तिनं दार उघडलं. हिलारियोन पुढच्या सीटवर तपासायला बसला होता.

“काय झालं?”

“काय न्हाई.”

मधला गडी मांड्या चोळत म्हणाला, “बरं केलंत, बाई. खिंडीपासनं पायाला मुंग्या आल्या हुत्या. लई जड हुतं.”

हिलारियोननं छातीवर क्रूस काढला. तिच्या नंबराचा विषय नंतर कधीच निघाला नाही.

साबिनानं दार आपटून लावलं, मागं हॉर्न मारत खोळंबलेल्या ट्रकवाल्याच्या आईबापांची विचारपूस केली अन् उतारावर गाडी सोडली. खाली बाजारात परतीच्या सीटा भरायच्या होत्या.