आवाज शून्यावर ठेवून

दादा मस्कतहून डिस्कचा व्हिडिओ प्लेअर आणि पाच छोटे स्पीकर घेऊन आला. रोह्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते मावत नव्हते. एक देव्हाऱ्याशेजारी बसला, एक तांदळाच्या डब्यावर.

सोबत सतारीची, सराउंड साउंडची एक डिस्क होती. तिच्या पाकिटावर इंग्रजीत इशारा होता: आवाज उलगडणारा डीकोडर नसेल तर नुसती खरखर येईल, स्पीकर जळतील, म्हणून आधी आवाज अगदी कमी करा. दादाने पेणच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "डीकोडर इकडं कुणाकडंच नाय. लावूच नका."

पण परवा दादा परत जाणार होता. जाण्याआधी बाबांना चारी बाजूंनी वाजणारी सतार ऐकवायची, ही त्याची दोन वर्षांची हौस. स्पीकर जळले तर तीही गेली.

इशारा वाचून बाबा मात्र खूश झाले. वीस वर्षं ते कंपनीत धडधडणाऱ्या कंप्रेसरवर होते, सेफ्टीच्या पाट्या त्यांना पाठ. घरी सिलिंडर बदलतानाही ते आम्हाला अंगणात उभं करत. बोलत मोठ्याने, टीव्ही लावत मोठा, आणि आईच्या हाकेला ओ देत नसत. कंपनीतली माणसं अशीच, असं आम्ही भावंडं धरून चाललो होतो. आई तसं मानत नव्हती. "माझं बोलणं यांना बोलणंच वाटत नाय," म्हणून ती दोन-दोन दिवस अबोला धरायची. बाबांच्या ते लक्षातही येत नसे.

रविवारी दुपारी बाबांनी नियम सांगितले. आवाजाच्या बटणाला फक्त ते हात लावणार. दादाने प्लगपाशी उभं राहायचं, पण विचारल्याशिवाय काढायचा नाही. मी आणि आईने दारात थांबायचं. आवाज शून्यावर ठेवून डिस्क आत गेली. बाबा टीव्हीकडे तोंड करून बसले आणि एकेक घर बटण फिरवू लागले.

तिसऱ्या घराला खरखर सुरू झाली. पाचव्याला कढईत पापड सोडल्यागत आवाज झाला. "बाबा, बस!" दादा म्हणाला. बाबांनी आणखी एक घर फिरवलं. मी कानांवर हात ठेवले. शेजारच्या काकू ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. देव्हाऱ्यातली घंटा थरथरायला लागली आणि बाबा शांतपणे पडद्यावरचे सेकंद बघत होते.

"सुरू व्हायला वेळ लागतोय," ते म्हणाले.

दादाने प्लग ओढला. पडदा काळा झाला, तेव्हा बाबा वळले. "विचारल्याशिवाय काढायचा नाय, सांगितलं व्हतं ना? अजून लागलंपण नव्हतं."

स्पीकर शाबूत होते. दादाने डिस्क पाकिटात घातली, पण पाकीट त्याला धड बंद करता येईना. मला रडू आलं, बाबांपेक्षा आईच्या अबोल्यांसाठी जास्त. ते सगळे फुकट गेले होते.

आई दारातून आत आली. बाबांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत हळू विचारलं, "चहा ठेवू?"

"ठेव की," बाबा लगेच म्हणाले.