खांद्याएवढा फवारा

त्याचं नाव आता आठवत नाही. माले गावच्या शाळेत शिकवायला जाताना तो रोज दिसायचा. उंचापुरा, कानाला सुतळी अडकवून नळाचे सांधे गळू नयेत म्हणून त्यांना सफेदा फासत बसलेला. बायकोचा हात मोडल्यापासून तिला तांब्या उचलवत नव्हता, म्हणून घरामागे स्वतःच न्हाणी बांधत होता. झऱ्याचं पाणी उन्हातल्या पिंपात आणि तिथून पत्र्याच्या फवाऱ्यात येणार होतं.

पाणी सोडायच्या दिवशी त्यानं मलाही हाक मारली, "या मास्तर, मुंबईवानी न्हाणी बगा!"

बायको आत गेली आणि फवारा बघून तशीच बाहेर आली. "डोईवर पानी? रोज केस भिजवून चुलीपुढं कवा बसू मी?"

बायका आठवड्यातून एकदाच डोक्यावरून न्हातात, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. जमलेली माणसं हसली. त्यानं पाना उचलला आणि फवारा तिच्या खांद्याशी आणून बसवला.

पुढं तो स्वतःही त्याखाली उकिडवा बसून न्हायचा. कुणी चेष्टा केली, की छाती काढून म्हणायचा, "मुंबईत लई फवारे हायेत. कारभारनीच्या खांद्याच्या मापाचा येक तरी दाखवा!"