मास्टरांचे केस

डोंगरापलीकडच्या त्या गावात रस्ता येऊन संपायचा, आणि गावात केस कापणारा माणूस एकच होता. सगळे त्यांना मास्टर म्हणत. गावाची सगळी डोकी त्यांच्या हाताखालून जायची; त्यांचं स्वतःचं डोकं मात्र बायकोच्या ताब्यात. ती परसात स्टुलावर बसवून कापड कापायच्या कात्रीने जमेल तसं उरकायची. मानेवर पायऱ्या पडायच्या. गिऱ्हाइकं चिडवायची, "मास्टर, तुमचे केस कोण कापतं? तेवढं सांगून ठेवा, म्हणजे चुकून तिकडे जायला नको."

मास्टर हसायचे, पण आतून चरफडायचे. जन्मभर खुर्चीमागे उभं राहिलेल्या माणसाला एकदा तरी खुर्चीत बसावंसं वाटणारच ना? म्हणून शहरातल्या मेहुण्याने नवीन फ्लॅट घेतला आणि "शनिवार-रविवार या" म्हणाला, तेव्हा बायकोआधी मास्टरच तयार झाले. खुर्चीची गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही.

शुक्रवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून दोघं एसटीत बसले. घाटात गाडी बंद पडली. शहरात पोचले तेव्हा मास्टरांची कंबर धरली होती.

शनिवार मेहुण्याने ताब्यात घेतला. आधी लिफ्ट दाखवली, मग पार्किंग, मग गरम पाण्याचा नळ. तो नळ तर त्याने तीनदा सोडून दाखवला. दुपारी सोफा बघायला नेलं आणि अख्ख्या दुकानातल्या एकेका सोफ्यावर मास्टरांना बसवून "कसा वाटतो, भाऊजी?" विचारत राहिला. परतताना मॉलमध्ये काचेचं सलून दिसलं. मास्टर जरा मागे रेंगाळले आणि धीर करून आत शिरले.

"अपॉइंटमेंट आहे?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"नाही. पण मी थांबतो की."

"मंगळवारी मिळेल."

तेवढ्यात मेहुणा शोधत आला. भर सलूनमध्ये खो खो हसत म्हणाला, "काय हे भाऊजी, सुट्टीतही दुकानच!" मास्टर कानकोंडे होऊन बाहेर पडले.

रविवारी सकाळी चहा होतो न होतो तोच मेहुण्याने बाल्कनीत खुर्ची मांडली. मास्टरांना वाटलं, उन्हात बसायला असेल. पण त्यावर स्वतः मेहुणाच बसला, गळ्याला टॉवेल गुंडाळून.

"घरचाच हात आहे म्हटलं, उरकून टाकू. वरच्या मजल्यावरचे काकाही येतायत. त्यांना मीच सांगितलंय."

"मी हत्यारं आणली नाहीत," मास्टर म्हणाले.

"स्वयंपाकघरातली कात्री आहे ना!"

मास्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती नजर चुकवून कप गोळा करायला लागली. मग त्यांनी कात्री उचलली. एक बाजू कापून झाली, तोवर वरचे काका शेजारच्यालाही घेऊन आले. मास्टरांचा हात थांबला. त्यांनी कात्री कठड्यावर ठेवली, चपला घातल्या आणि जिन्याने खाली उतरले. मागून "अहो भाऊजी! ही बाजू राहिली!" असा आवाज येत होता, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

गल्लीच्या टोकाला एक जुनं दुकान उघडं होतं. आतला माणूस पेपर वाचत बसला होता. मास्टर सरळ खुर्चीत जाऊन बसले.

"कसे कापू?"

हा प्रश्न मास्टरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. "तुम्हाला वाटेल तसे," ते कसंबसं म्हणाले आणि डोळे मिटले. पाण्याचा फवारा उडाला, कंगवा फिरला. थोड्या वेळात त्यांना चक्क डुलकी लागली.

जाग आली ती बायकोच्या आवाजाने. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती दारात उभी होती. "त्याला अर्धवट भादरून आलात? लोक काय म्हणतील? चला आता, गाडी निघेल!"

सोडायला मेहुणा आला नाही. डोक्याला टोपी घालून तो घरातच फुगून बसला होता म्हणे. गाडीत बायको खिडकीबाहेर बघत राहिली. घाट लागला तेव्हा तिने मास्टरांच्या मानेकडे बराच वेळ पाहिलं.

"चांगले कापलेत," ती म्हणाली. "अगदी सरळ."

मास्टर खूश होऊन काहीतरी बोलणार, इतक्यात ती म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या हातचे आवडत नव्हते, तर बोलायचं होतं. मला काय, हौस होती?"

मास्टरांनी मानेवरून हात फिरवला; एकही पायरी लागली नाही. हवं ते मिळवून येत होते आणि तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

पुढे केस कानांवर आले, तरी बायकोने कात्री काढली नाही. गिऱ्हाइकांनी पुन्हा चिडवायला सुरुवात केली. मास्टर रोज संध्याकाळी ठरवून घरी जायचे, आज हिला म्हणायचंच, घे कात्री. आणि रोज जेवून, पाठ वळवून झोपायचे.