प्लेग ठरवलेला माझा ताप

“हा प्लेग नाही. मोनोन्यूक्लिओसिस आहे,” सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत इस्पितळातले तरुण डॉक्टर म्हणाले. मला तो शब्द उच्चारताही येईना. त्यांनीच उलगडून सांगितलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या एका जातीच्या पेशी या तापात फार वाढतात, बेढब दिसू लागतात. घसा सुजतो, मानेत गाठी येतात, पोटात डाव्या बाजूची पानथरी मोठी होते.

“याला औषध नाही. पडून राहायचं. माणूस बरं होतं.”

हे कळायला मला नऊ दिवस लागले, आणि आदल्याच दिवशी तर नाशकातल्या एका थोर डॉक्टरांनी मला तपासलं होतं.

तपासलं म्हणजे दारातून पाहिलं. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, भावाकडे राहणारी. आठ दिवस ताप, थुंकी गिळता येत नव्हती, जबड्याखाली सुपारीएवढ्या गाठी. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि उंबरठ्याबाहेरूनच निकाल दिला, “गाठ आहे. प्लेग. गावाबाहेर झोपडीत हलवा.” जाताना हात धुवायला पाणी मागितलं. हात कशाला लावला होता, देव जाणे.

दादा कचेरीत हेडक्लार्क. घरात त्याच्या शब्दाला फार वजन. त्याने वळकटी बांधली आणि तासाभरात सिन्नरला मित्राकडे निघाला. “कचेरीत संसर्ग नको,” म्हणाला. कचेरीची एवढी काळजी त्याला मी कधी करताना पाहिली नव्हती.

वहिनी मात्र राहिली. रात्रभर माझ्या उशाशी बसली आणि सकाळी म्हणाली, “वन्सं, हा प्लेग नव्हे. माझे दोन भाऊ गेले त्यात, येवल्याला. तिसऱ्या दिवशी संपले. तुम्हाला आज नववा दिवस.”

एवढा हिशेब त्या रुमालवाल्याला जमला नव्हता. तिने माझी मान शालीत गुंडाळली, टांगेवाल्याला “घसा बसलाय” एवढंच सांगितलं आणि मला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर पसरला, पोट चाचपलं. “जड उचलू नका. पानथरी फुटली तर जिवावर बेतेल.”

पंधरवड्याने ताप गेला. अंगातलं त्राण मात्र परतलं नाही. वेणी घालताना हात भरून यायचे. ज्यांना हा ताप येईल त्यांनी हे लक्षात ठेवावं: तुम्ही दिसता बऱ्या, म्हणून लोक तुम्हाला सोंगाडी ठरवतात. आमच्या मुख्याध्यापिकाबाई येऊन माझे गाल पाहून म्हणाल्या, “छान तजेला आहे की!” दादा परतला तो मिठाईचा पुडा घेऊन. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, “ताप नाही ना? मग आडावरून एक घागर आणायला काय होतं?” वहिनीने त्याच्या हातात घागर दिली. त्याने आणली.

थोर डॉक्टर मेनरोडला भेटले. बरोबरच्या गृहस्थांना सांगू लागले, “या बाईंना मी प्लेगातून काढलं.” मी म्हटलं, “दारातूनच काढलंत.” गृहस्थांना काही कळलं नाही. डॉक्टरांना कळलं.

दोन महिन्यांनी शाळेत जायच्या आदल्या दिवशी मी वहिनीला विचारलं, “तुम्हाला माझी भीती नाही वाटली?”

“तापाची वाटली की,” ती भाकरी थापत म्हणाली. “पण बऱ्या झालात की पुन्हा माझ्या पोथी वाचण्याला मैत्रिणींसमोर हसाल, याची जास्त वाटली.”

खरं होतं. ती बोट ठेवून, अडखळत पोथी वाचायची आणि मी तिची नक्कल करून मैत्रिणींना हसवायची. डॉक्टरला, दादाला, सगळ्यांना मी दोन महिने मनातून नावं ठेवत होते. माझं नाव त्यांत घ्यायचं राहिलं होतं.

मी आज हिंडतेफिरते ती या बाईमुळे. तिला तसं तोंडाने सांगायला मला आणखी आठ दिवस लागले.