बाईंचा यंत्राचा खेळ

मी तिसरीत असताना वडील कारखान्यात लागले आणि आम्ही समुद्रकाठचं मुरबे गाव सोडून कारखान्यांजवळच्या सरावलीला आलो. आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची.

शाळेत संगणक नव्हता, पण आमच्या बाई त्याचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "यंत्र स्वतः विचार करत नाही. सांगू तेवढंच करतं. म्हणून नीट, क्रमाने सांगायचं." एकाने यंत्र व्हायचं, बाकीच्यांनी आज्ञा द्यायच्या. बाईंनी मला पुढे बोलावलं. मी हरखून गेले.

कुणी म्हणालं, "खाली पडलेला खडू उचल." मी तशीच उभी. वाकायला कुणी सांगितलंच नव्हतं. बाई खूश झाल्या.

मग कारखान्याच्या कॉलनीत राहणारी एक मुलगी उठली. "हात नाकाशी ने. वास घे. कसला येतो ते सांग."

मी बाईंकडे पाहिलं.

"यंत्र कुणाकडे बघत नाही," बाई म्हणाल्या. "आणि हिने क्रम अगदी बरोबर दिलाय."

"मासळीचा," मी म्हणाले.

"मोठ्याने म्हण. थांब म्हणेपर्यंत म्हणत राहा," ती मुलगी म्हणाली.

वर्ग हसत सुटला. बाईंनी फळ्यावर 'पुनरावृत्ती' असा शब्द लिहिला आणि समजावून सांगितला. मी बोलतच होते. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं डबे घेऊन पळाली. थांब म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, की आलं होतं, कोण जाणे. बाई दारातून जाताना म्हणाल्या, "अजून चालूच?" आणि हसत शिक्षकांच्या खोलीत गेल्या. मुलं खिडकीशी येऊन डबा खात बघत राहिली. घसा बसला तेव्हाच मी थांबले.

शेजारच्या मुलाकडून आईला कळलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. बाईंनी तिला वर्गाबाहेरच उभं केलं. "खेळ होता हो. तुमची मुलगी हुशार आहे, एकही चूक केली नाही."

आईने माझा हात धरला. फाटकाबाहेर आल्यावर तिने माझ्या मुस्काटात मारली.

"त्यांनी सांगितला नि तू बोलत रायलीस? मशीन हाय का तू?"

त्यानंतर रोज शाळेआधी ती माझे तळहात राख नि लिंबाने घासायची. कातडीला भेगा पडल्या, लिंबू झोंबायचं. मी हात मागे घेतला की मनगट आवळून धरायची. स्वतःच्या हातांना तिने कधी लिंबू लावलं नाही.