आयोगाच्या साहेबांचे लाल बूट

मानवी हक्क आयोगाचे ते तपास अधिकारी आमच्या तालुक्याच्या गोरेगावला एसटीनेच येत. पोलिसांची जीप नाकारत, ठाण्यातला चहाही. कपडे साधे, पण पायात पोलिसी लाल बूट, कारण ते पोलिस खात्यातूनच आयोगात उसने आले होते.

एकदा मी त्यांना माझ्या अशील बाईच्या घरी नेलं. तिच्या पोराला कोठडीत मारलं होतं. ती बुटांकडेच बघत राहिली.

"काऊन बोलू? मारणाऱ्याचे बी असेच बूट होते."

साहेबांनी बूट काढून गोठ्यामागे ठेवले आणि अनवाणी येऊन अंगणात बसले. मग ती सगळं बोलली.

निघताना मी विचारलं, "अहवालात हे येईल ना?"

"लिहीन ना," ते बुटांची नाडी बांधत म्हणाले. "पण वकीलसाहेब, पुढल्या महिन्यात मी परत याच पोलिस खात्यात जाऊन राहिलो."